स्त्रीबीज ‘दान’ म्हणता, मग पावती कुणाच्या नावाने फाटते?

‘दहा-बारा दिवस सुया घ्यायच्या, मग अर्ध्या तासाचे काम, टाके नाहीत, पैसे रोख.’ स्त्रीबीज दानाचे हे वर्णन आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. मोबाईलवरून ते आमच्या नागऱ्यासारख्या गावांतही पोहोचले आहे. सकाळी डबा घेऊन गोंदियाला राईस मिलमध्ये, बांधकामावर, लोकांच्या धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया आम्हाला विचारतात, हे खरे आहे काय? जावे काय? आणि मग हळूच तिसरा प्रश्न येतो, यात पाप तर नाही ना?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. पाप नाही. बाईच्या शरीराला पाप-पुण्याच्या तराजूत घालण्याचा धंदा ज्यांचा होता त्यांना आपण १९५६ साली नागपुरात सोडून आलो. पण आमच्याच काही कार्यकर्त्यांची भाषा आम्ही ऐकतो तेव्हा वाटते की सोडून आलेले सामान कुणीतरी मागच्या दाराने परत आणले आहे. ‘आपल्या बायांनी असले काम करू नये, समाजाची इज्जत जाते,’ असे ते म्हणतात. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे. बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता न्यायला माणूस दारात बसतो, तेव्हा ही इज्जत कुठे असते? रोवणीचे दिवस संपले की हाताला काम नसते, तेव्हा समाज काय देतो? इज्जतीचे ओझे बाईच्या डोक्यावर आणि हप्त्याचेही तिच्याच डोक्यावर, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

पण म्हणून ‘जा, चांगले आहे’ असेही आम्ही म्हणणार नाही. आधी हे काम नेमके काय आहे ते समजून घेऊ, कारण एजंट ते कधीच पूर्ण सांगत नाही.

बाईच्या शरीरात साधारणपणे महिन्याला एक बीज पिकते. दवाखान्याला एक पुरत नाही. म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज हार्मोनची इंजेक्शने देतात, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ बीजे वाढतात. मधल्या काळात तीन-चार वेळा सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. शेवटी एक वेगळे इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन, योनीमार्गे सुई घालून बीजे ओढून घेतात. टाके नाहीत हे खरे आहे. पण सुई बीजकोशात जाते, आत रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, भुलेचा धोका असतो तो वेगळाच. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे बीजकोश इंजेक्शनांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात तो. पोट फुगते, पोटात पाणी साचते, लघवी कमी होते, धाप लागते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. बहुतेक बायांना हे इतके तीव्र होत नाही. ज्यांना होते त्यांना बहुधा घरी गेल्यावर होते. म्हणजे दवाखाना शहरात, बाई नागऱ्यात, रात्रीचे अकरा वाजलेले, आणि एजंटचा फोन बंद.

हा धोका कमी करता येतो. शेवटचे इंजेक्शन कोणत्या प्रकारचे द्यायचे, औषधाचा डोस किती ठेवायचा, हे डॉक्टरच्या हातात असते. दात्रीसाठी सुरक्षित पद्धत आहे आणि चांगले डॉक्टर ती वापरतात. पण जिथे जास्त बीजे म्हणजे जास्त धंदा, तिथे डोस कुणाच्या फायद्याने ठरतो हे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही.

आता कायदा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असली पाहिजे. आयुष्यात एकदाच ती बीज देऊ शकते. एका वेळी सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. एका दात्रीची बीजे एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. दात्री शोधण्याचा, तपासण्याचा अधिकार फक्त नोंदणी केलेल्या एआरटी बँकेला आहे. ज्या जोडप्याला किंवा स्त्रीला बीज हवे आहे, त्यांनी दात्रीच्या नावाने १२ महिन्यांचा विमा काढायचा आहे. तिची लेखी संमती हवी. बीजांची खरेदी-विक्री करणारी एजन्सी चालवणे, दात्रीचे शोषण करणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षे कैद आणि १० ते २० लाख दंड.

वाचायला छान आहे. पण यात एक गोष्ट शोधून सापडत नाही. दात्रीच्या बुडालेल्या रोजीचे काय? पंधरा दिवस ती मिलमध्ये गेली नाही, दवाखान्याच्या चार-पाच फेऱ्या मारल्या, भूल घेतली, आठवडाभर पोट धरून झोपली. याचा मोबदला किती, कोण देणार, कोणत्या कागदावर, याची तरतूद कायद्यात नाही. विमा आहे, मोबदला नाही. कारण कायद्याच्या मते ती ‘दान’ करते आहे.

इथे आमचा मुख्य आक्षेप आहे. या साखळीत डॉक्टर फी घेतो. बँक पैसे घेते. सोनोग्राफीवाला घेतो, औषध कंपनी घेते, भूल देणारा घेतो, विमा कंपनी हप्ता घेते. या सगळ्यांच्या पावत्या फाटतात, हिशेब लिहिले जातात, त्यावर कर भरला जातो. एकटी बाई तेवढी दानशूर! तिला जे मिळते ते पाकिटात, हातोहात, बिनकागदी मिळते. ज्याची पावती नाही त्याची तक्रारही करता येत नाही. ठरलेले कमी दिले तर कुणाला विचारणार? विचारायला गेली तर ती स्वतःच ‘बीज विकणारी’ ठरते. जो कायदा तिच्या रक्षणासाठी म्हणून केला, त्याच कायद्याची भीती दाखवून तिला गप्प बसवता येते.

दान हा शब्द आपल्याला नवा नाही. ब्राह्मणी व्यवस्थेत दान नेहमी वरच्या दिशेने गेले. गोदान, भूदान, कन्यादान. कन्यादानात तर ज्या मुलीचे दान होते तिला कुणी विचारतही नाही. बुद्धाच्या धम्मात दान ही पारमिता आहे, पण तिथे देणारा जाणून देतो, मोकळ्या मनाने देतो, आणि त्यात भीती किंवा सक्ती नसते. हप्त्याच्या तारखेने ढकललेली बाई दान करत नाही. ती मजुरी करते. मजुरीला मजुरी म्हणा, मग तिचे नियम लावता येतील.

आमच्या जिल्ह्याला याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या बायांनी पिढ्यान् पिढ्या घरात बसून बिड्या वळल्या. ठेकेदार पान आणि तंबाखू देई, संध्याकाळी बिड्या मोजून घेई आणि त्यातल्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. छाटचे पैसे नाहीत, पण छाट बिडी परतही नाही. या लुटीवर लगाम घालायला लढावे लागले, तेव्हा १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा झाला. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, कल्याण निधीचा दवाखाना असे काहीतरी हातात आले. त्या कायद्याला पळवाटा होत्या, हे आम्हाला ठाऊक आहे. पण घरात बसून बिडी वळणारी बाई ‘कामगार’ आहे हे सरकारला कागदावर मानावे लागले. रक्तामांसाचे काम करणारी बीजदात्री मात्र कुठल्याच रजिस्टरात कामगार नाही. आणि छाट इथेही आहे. इंजेक्शने सुरू झाल्यावर बीजे नीट वाढली नाहीत म्हणून मधेच थांबवले, तर त्या सुयांचे, त्या दिवसांचे काय, असे आम्ही विचारतो तेव्हा कुणाकडे लेखी उत्तर नसते.

कायदा नव्हता तेव्हा काय झाले हे मुंबईने पाहिले आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये भंगाराच्या धंद्यात काम करणारी १७ वर्षांची मुलगी बीजे काढल्यानंतर दोन दिवसांत मेली. सतरा वर्षांची! २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत २६ वर्षांची, एका लेकराची आई, बीजे काढण्याच्या प्रक्रियेनंतर मरण पावली. त्या काळात हातात होत्या त्या फक्त आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचना. आता कायदा झाला, बरे झाले, असे म्हणावे तर तो लागू होऊन पाच महिने होत नाहीत तोच तमिळनाडूतल्या इरोडचे प्रकरण बाहेर आले. १६ वर्षांच्या मुलीची बीजे वारंवार काढून विकली गेली होती. जन्मतारीख बदललेले खोटे आधार कार्ड, मध्ये एक दलाल बाई, आणि अटक झालेल्यांत मुलीची स्वतःची आई. दर खेपेला २० हजार रुपये मिळत, असे वर्तमानपत्रांत आले. ‘आयुष्यात एकदाच’ हा नियम आधार क्रमांकावर उभा आहे, आणि खोटे आधार किती सहज निघते हे त्या प्रकरणाने दाखवले. दलाल बाई बहुधा स्वतः कधीकाळी बीज दिलेलीच असते, असे या धंद्याचा अभ्यास करणारे सांगतात. वरचा माणूस पडद्याआड राहतो आणि खालची बाई खालच्याच बाईला आणते. जातिव्यवस्थेची पायरीची रचना ज्यांना बाबासाहेबांनी समजावून सांगितली, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नसावी.

दुसरी एक गोष्ट मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालातून पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मुंबईच्या एका जोडप्याच्या प्रकरणात प्रश्न असा होता की बायकोच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते, जुळ्या मुली सरोगसीने झाल्या, पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला आणि म्हणू लागला की मेहुणीचे बीज असल्यामुळे तीच त्यांची आई. न्यायालयाने ते नाकारले. बीज देणारीला पालकत्वाचा हक्क नाही, असे सांगून बायकोला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. निकाल योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक नवरा उठून आई बदलू लागेल. २०२१ चा कायदाही हेच सांगतो की मूल मागणाऱ्या जोडप्याचे, दात्रीचा त्यावर कोणताही हक्क नाही. आमचे म्हणणे एवढेच की जिचा नंतरचा सगळा हक्क कायद्याने संपवला जातो, तिचा आधीचा हक्क दुप्पट पक्का असायला हवा. इथे मात्र नंतरचे दार बंद आहे आणि आधीचे उघडलेलेच नाही.

आता जातीबद्दल. काही मित्र उत्साहाने म्हणतात, हे तंत्रज्ञान जात मोडेल. बौद्ध बाईचे बीज उच्चवर्णीय घरात जाईल, रक्तशुद्धीचा बोभाटा आपोआप संपेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जातीचा प्राण जातीतच लग्न करण्यात आहे, आणि ती चौकट टिकवण्यासाठी बाईच्या शरीरावर सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह लादले गेले. पुढे १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’वरच्या भाषणात भांडारकरांचा दाखला देऊन त्यांनी रक्तशुद्धीच्या दाव्यातली हवाच काढून टाकली. मग प्रयोगशाळेत ही चौकट मोडते, हे चांगले नाही काय?

नाही, कारण ती मोडतच नाही. आयसीएमआरच्या २००५ च्या सूचना पाहा. दात्याचे नाव गुप्त ठेवावे, पण उंची, वजन, त्वचेचा रंग, शिक्षण, व्यवसाय आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांची माहिती जोडप्याला मिळावी, असे त्यांत होते. कौटुंबिक पार्श्वभूमी! या देशात या दोन शब्दांचा अर्थ कुणाला सांगावा लागतो काय? लग्नाच्या जाहिरातीत जे ‘गोरी, सुशिक्षित, चांगल्या घराण्यातली’ असते, तेच बीजाच्या यादीत उतरते. या यादीत जिला वरचा भाव मिळतो ती नागऱ्याची सावळी, सातवी शिकलेली बाई नसते. आणि जिथे आमच्या बाईचे बीज घेतलेच जाते, तिथे ते लपवून घेतले जाते. म्हणजे तिचे शरीर चालते, तिचे नाव चालत नाही. आंतरजातीय लग्न केले म्हणून पोरांना मारणारा समाज बंद खोलीत कुणाचेही बीज घेईल आणि बाहेर येऊन ‘आमचे रक्त’ म्हणेल. याला जात मोडणे म्हणत नाहीत. जात मोडायची असेल तर ती उजेडात, नावासकट मोडावी लागते. फुले दांपत्याला मूल नव्हते. जोतिरावांनी दुसरे लग्न केले नाही. त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा घरात घेतला, त्याला यशवंत नाव दिले, आपला वारस केला, आणि कुणापासून काही लपवले नाही.

पूर्व विदर्भासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती शहरातल्या चर्चेत येत नाही. सिकलसेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात बौद्ध आणि आदिवासी घरांत हा आजार पसरलेला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, पण आजही कितीतरी तरुण मुलींना आपण वाहक आहोत की रुग्ण हे माहीत नसते. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातले पाणी कमी होणे आणि रक्ताच्या गुठळ्या हे दोन्ही घातक. बीजदानाच्या इंजेक्शनांनी नेमका याच दोन गोष्टींचा धोका वाढतो. म्हणून आमच्या भागातल्या कोणत्याही बाईने सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय पहिली सुई टोचून घेऊ नये. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी एजंटची गरज नाही. आणि बँकेने केलेल्या प्रत्येक तपासणीचा कागद बाईच्या हातात पडला पाहिजे. ‘तुम्ही बसत नाही’ एवढे सांगून परत पाठवायचे आणि का बसत नाही ते सांगायचे नाही, म्हणजे रक्त तिचे आणि माहिती बँकेची.

काही शहरी भगिनी म्हणतात, बाईचे शरीर, बाईचा निर्णय, तुम्ही मधे का पडता? निर्णय बाईचाच, याबद्दल आमचे दुमत नाही. पण बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढली गेली तेव्हाही संमतीच्या कागदावर त्यांचेच अंगठे होते. २०१९ च्या सरकारी समितीने ८२ हजारांहून अधिक बाया तपासल्या, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड होतो, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि बाई ‘स्वतःच्या मर्जीने’ सही करते. तिच्यापुढे दुसरी वाट किती खुली होती, हे विचारल्याशिवाय मर्जीवर बोलणे अर्धवट राहते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजली. त्या मोजपट्टीवर आज गोंदिया जिल्हा कुठे बसतो?

आणि ज्यांना मूल होत नाही, त्या बायाही आपल्याच आहेत. त्यांना वांझ म्हणून हिणवणारी घरे आपल्याही वस्तीत आहेत. हे तंत्रज्ञान त्यांच्यासाठीही आहे. पण त्याचा खर्च लाखांत जातो. १९८६ च्या ६ ऑगस्टला मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती केईएममध्ये, म्हणजे महानगरपालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या कष्टाने. जनतेच्या पैशावर जे शिकले गेले ते आज खासगी दुकानांत विकले जाते. आमच्या जिल्ह्यातल्या बाईसाठी या साखळीत एकच जागा उरते, देणारीची. घेणारीची जागा तिला परवडत नाही.

म्हणून जावे काय, या प्रश्नावर आमचे उत्तर असे आहे. कर्जाच्या धाकाने जाऊ नका. एजंटबरोबर तर जाऊच नका, कायद्यात एजंटला जागा नाही. तरीही जाण्याचे ठरवले असेल तर घरातल्या किंवा वस्तीतल्या एका बाईला सोबत न्या. बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. विमा पॉलिसीची प्रत आणि आपली सही असलेल्या संमतीपत्राची मराठीतली प्रत पहिल्या सुईच्या आधी हातात घ्या. किती बीजे काढली ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सात ही मर्यादा कायद्याने घातली आहे, पण बाई भुलेत असताना मोजतो तो दवाखानाच. रात्री त्रास झाला तर कोणत्या डॉक्टरला फोन करायचा ते नावासकट लिहून घ्या, आणि पोट फुगून धाप लागली तर फोनची वाट न बघता गोंदियाचे बाई गंगाबाई रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा, तिथे काय केले होते ते लपवू नका. स्वतःचे आधार कार्ड कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

सरकारकडे आमच्या मागण्या आहेत. दात्रीच्या बुडालेल्या रोजीची आणि श्रमाची भरपाई नियमांत लिहा, ती बँक खात्यात जमा करा. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय राष्ट्रीय मंडळ, राज्य मंडळ किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेते, म्हणजे बाईला स्वतः दार ठोठावता येत नाही. तो मार्ग तिला थेट खुला करा. जिल्ह्यात तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहा. हे शेवटचे काम करायला नवा कायदा लागत नाही, एक डबा रंग पुरतो. त्यासाठीचे निवेदन आम्ही तयार केले आहे. नागरा आणि आसपासच्या गावांतल्या ज्या बायांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी रविवारी विहारात वंदनेनंतर थांबावे. बीज दिलेल्या बाया आल्या तर त्यांचे नाव कुठेही लिहिले जाणार नाही.

जय भीम.